देखभाल बिलाचा ऑनलाइन अभ्यासक्रम

दादर, मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

सोसायट्यांच्या सेक्रेटरी-खजिनदारांसाठीचा तुझा आराखडा वाचला. विषय मुंबईला हवाच होता. पण सव्वा तासाचं व्याख्यान आणि शेवटी वीस प्रश्न, एवढ्यावर कुणाला देखभाल बिल काढता येईल असं मला वाटत नाही. उद्दिष्ट 'बिलाची रचना समजेल' असं लिहू नकोस. 'एका फ्लॅटचं महिन्याचं बिल बिनचूक काढेल' असं लिही, म्हणजे काय गाळायचं ते आपोआप कळेल.

अडचण कुठे आहे बघ. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, पाणी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड (इमारतीच्या भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान 0.25 टक्के, वर थकबाकीवरचं व्याज. नवखा माणूस एका वेळी जेमतेम चार नव्या गोष्टी डोक्यात धरतो. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलरने 1988 मध्ये मांडलेला आकलनभाराचा सिद्धांत इथेच उपयोगी पडतो: नवख्याला आधी सोडवलेलं उदाहरण दाखव, प्रश्न नंतर.

पहिलं बिल पूर्ण सोडवलेलं दे, प्रत्येक रकमेशेजारीच तिचं कारण. बांधकाम खर्च 12 लाख धर: दुरुस्ती निधी वर्षाला 9,000, महिन्याला 750, सिंकिंग फंड महिन्याला 250. दुसऱ्या बिलात शेवटची पायरी रिकामी ठेव, तिसऱ्यात शेवटच्या दोन, चौथं कोरं. जुन्या खजिनदारांना मात्र हेच जाचतं, त्यांचा वेग उलट कमी होतो. सुरुवातीला तीन प्रश्न विचार; जमले तर थेट कोऱ्या बिलावर पाठव.

उत्तर चुकलं की लगेच सांगायचं, हा मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या काळापासूनचा धडा. पण नुसती लाल फुली कामाची नाही. कुणी 9,000 लिहिलं तर 'बाराने भागायचं राहिलं' असं यायला हवं. कुणी बांधकाम खर्चाऐवजी फ्लॅटचा आजचा बाजारभाव घेतला (आपल्याकडे हे होणारच!) तर त्याला वेगळा खुलासा. पर्यायी उत्तरं अशा खऱ्या चुकांमधूनच बनव.

व्हिडिओत पडद्यावरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवू नकोस. डोळे आणि कान एकाच वाक्यामागे धावतात आणि आकडे निसटतात. पडद्यावर बिल, आवाजात स्पष्टीकरण. लोकलच्या गोंगाटात बघणाऱ्यांसाठी सबटायटल्स असू देत, पण बंद करता येतील अशी. फाइल डाउनलोड करता यायलाच हवी. एका व्हिडिओत एकच शुल्क घे. व्हिडिओ सहा मिनिटांचा असावा असा जो आकडा सगळे सांगतात तो लोक किती वेळ बघतात त्याचा आहे, किती शिकतात त्याचा नाही.

शेवटच्या चाचणीवर फार विसंबू नकोस. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. म्हणून दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक कोरं बिल पाठव, दर वेळी आकडे बदलून. चर्चेसाठी गट करायचेच तर ते भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या बिनभोगवटा शुल्कावर (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलच्या आकारणीवर) कर. तिथे सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा माहीत असूनही वाद होतात. आणि 'तुम्ही बघून शिकता की ऐकून?' ही प्रश्नावली काढून टाक. त्यानुसार शिकवल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही.

शूटिंगचे पैसे भरण्याआधी ही चार बिलं कागदावर तयार कर, तीन-चार नव्या खजिनदारांना सोडवायला दे आणि पेन कुठे थांबतं ते टिपून मला कळव.

तुझा,
मिलिंद