रात्रपाळी सोड

कराड,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सौ. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या अनुदानाचा पहिला हप्ता जमा झाल्याचं सांगितलंस. मी देवापुढे साखर ठेवते म्हणेपर्यंत तू पुढचं बोलून गेलीस, की रात्रपाळीवरून येताना डोळे उघडे राहीनात म्हणून सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावून झोपले. वर हसलीस. मला काही हसू आलं नाही. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून अक्काच्या नातवाबरोबर हे पत्र देतेय. गाडीबद्दल लिहिणार नाही. फक्त पैशांबद्दल लिहिते.

वर्षाला पाच हजार पौंड, आणि ओवी आहे म्हणून वर दोन हजार. तीन हप्त्यांत मिळणार, परत करायचे नाहीत, मात्र अर्ज दरवर्षी नव्याने करायचा. एवढं मी डायरीत लिहून ठेवलंय. आता त्यातले थोडे तुला आमच्या कौलांना पाठवायचेत, थोडे ओवीच्या नावे टाकायचेत, उरलेले घराच्या हप्त्याला. आणि म्हाताऱ्यांच्या केअर होममधल्या नोकरीच्या आठवड्याला दोन रात्री आहेत तशाच चालू! या सगळ्यात वैशाली कुठे आहे गं?

बाबांचं म्हणणं वेगळंच. ते म्हणतात, फीचं कर्ज आधी फेड. वर्षाची साडेनऊ हजार पौंडांच्या वर फी ऐकून त्यांनी चहा खाली ठेवला होता. कर्ज म्हटलं की त्यांना सोसायटीची ती नोटीस आठवते, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण सुहासरावांनी मला नीट समजावलंय. पगार वर्षाला 25,000 पौंडांच्या वर गेला, तरच वरच्या रकमेचे नऊ टक्के कापतात, आणि 40 वर्षांनी जे उरेल ते माफ. मग हातातले पैसे आज त्यात कशाला घालायचे? तिथे कुणी सावकार दारात उभा राहणार नाही.

मी सोसायटीत हिशेब लिहिण्यात जन्म घालवला, म्हणून मीही एक मांडून पाहिला. तासाला साडेबारा पौंड धरले तर बारा तासांच्या एका रात्रीचे दीडशे. आठवड्याचे तीनशे. सात हजारांत तेवीस आठवड्यांच्या रात्री सुटतात. आता दुसरी बाजू बघ. नर्स म्हणून नाव नोंदवायला तीन वर्षांत 2,300 तास प्लेसमेंटला, म्हणजे कामाच्या सरावाला, काढावे लागतात, हे तूच सांगितलंस. आठवड्याला साडेसदतीस तासांनी ते साधारण एकसष्ट आठवडे होतात, म्हणजे वर्षाला वीस-एकवीस. प्लेसमेंटचे सगळे आठवडे तू रात्रीचं काम बंद ठेवलंस तरी या पैशांत भागतं, वर दोन आठवडे परीक्षेला उरतात. मी दोनदा तपासलंय. ज्याने कुणी ही रक्कम ठरवली असेल त्याने असा हिशेब केला नसेल, पण तुझ्यापुरता तो चपखल बसतो. दिवसभर वॉर्डात पेशंटच्या औषधांची मापं बघायची आणि रात्री म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, मग सकाळी लफबरोहून लेस्टरपर्यंत गाडी हाकायची. डिसेंबरात तर तुमच्याकडे आठ वाजेपर्यंत उजाडत नाही. रस्ता ओला, त्यात धुकं.

बघ, लिहिणार नव्हते.

तुझी खोडच आहे ही. चौथीच्या स्कॉलरशिपचे पैसे आले तेव्हा आजीच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. सोनार गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तू तिला हाताला धरून नेलंस आणि नवी फ्रेम घेऊन दिलीस. आजी गल्लीभर दाखवत फिरली. तुझ्या कंपासपेटीचं झाकण बसत नव्हतं, तिला रबर लावून तू सातवीपर्यंत तीच वापरलीस. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, की रबराकडे बघूनही मी काही बोलले नाही. आता बोलते. हे पैसे तुझ्या शिक्षणासाठी आहेत, तुझ्या अंगावर खर्च व्हायला हवेत. झोप हाही शिक्षणाचाच खर्च आहे. आणि दानधर्म करायचा तर आधी स्वतःच्या पायावर... असो. प्रवचन झालं. रागावू नकोस. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला पैसे कसे वापरावे हे आईने शिकवायचं नसतं, कळतं मला.

प्रमिलाकाकू परवा म्हणाल्याच, "चाळिशीत कसलं कॉलेज?" मी त्यांना यमूआत्याचं सांगितलं. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात शिकून ती नर्स झाली, तेव्हा विधवा होती, पदरात मूल होतं. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात बायका हे करत होत्या म्हटलं. काकू गप्प बसल्या. तुझा निळ्या गणवेशातला फोटो मी मुद्दाम टीव्हीशेजारी ठेवलाय, येणाऱ्याला दिसतो.

पण फोटोत तुझ्या डोळ्यांखाली काळं आलंय. सुहासरावांना दिसत नाही का? त्यांना काही बोलू नकोस, बिचारे ओवीचं सगळं बघतात. फक्त त्यांच्यासमोर बसून हा हिशेब एकदा मांड. कोर्स मध्येच सुटला तर दिलेल्यातले काही पैसे परत मागतात म्हणालीस ना? मग कोर्स पुरा होणं हीच बचत. ओवीच्या खात्यात तीनशे पौंड टाकण्यापेक्षा तिला आई जागी मिळू दे.

अगदीच रात्री करायच्या असतील तर सुट्टीत कर, आणि दुसऱ्या दिवशी बसने ये. सकाळची बस असते ना?

मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवलंय. पिठाचा डबा आधी फोड, त्यात जाळी होते.

तुझी,
आई

ता. क. प्लेसमेंटच्या तारखा कळव, मी कॅलेंडरवर लिहून घेणार आहे. कौलं बदलायला वैशाखापर्यंत वेळ आहे आणि बाबांची ठेव फेब्रुवारीत मोकळी होते. तुझे पैसे आले तर दादाकडून त्याच दिवशी परत पाठवीन.