मंत्रीसाहेब, बातमीला सेंधव्याच्या पुढे जाऊ द्या

माननीय केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्री यांना,
इंदूरहून सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. राज्यघटनेच्या 350 व्या कलमाप्रमाणे कुणालाही आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, म्हणून मांडतेय. गाऱ्हाणं आकाशवाणीच्या बातम्यांचं आहे. मी रामबागेत वाढले, लग्नानंतर सुदामा नगरात आले, घरी ट्यूशन घेते. मुलं हिंदीत शिकतात, घरात मराठी बोलतो, आणि निम्मे नातेवाईक जळगाव-अमळनेर-धुळ्याकडचे. आमच्यासारख्या हजारो घरांचं आयुष्य आग्रा-मुंबई रस्त्यावर मागेपुढे होत असतं. माणसं जातात, एसटी जाते, कापूस जातो, कांदा जातो, पण बातमी मात्र सीमेवरच्या सेंधव्याला येऊन थांबते. बिजासन घाट उतरून पलीकडे पळासनेरला गेलं की ती महाराष्ट्राची बातमी, इकडे राहिली तर मध्यप्रदेशची.

18 जुलै 2022 चा सोमवार मी विसरू शकत नाही. माझा मामेभाऊ सकाळी अमळनेरला जायला निघाला होता आणि दहाच्या सुमारास बातमी आली की इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत पडली. पावसाळा, नदी भरलेली. त्याचा फोन लागेना. मामी आमच्याकडेच होती, फोन हातात धरून ओट्याला टेकून उभी, कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, गॅस बंद करायचं कोणालाच सुचलं नाही, डाळ जळल्याचा वास घरभर झाला तरी आम्ही टीव्हीपुढेच. एका हिंदी चॅनलवर पंचावन्न प्रवासी, मराठी चॅनलवर चाळीस, कोणी म्हणतंय पंधरा वाचवले, कोणी म्हणतंय एकही नाही. मी दोन्ही भाषेतलं ऐकून मामीला सांगत होते आणि दोन्हीकडचं जुळत नव्हतं. दीड तासाने भावाचा सेंधव्याहून फोन आला, त्याची ती गाडी चुकली होती, तो प्रायव्हेट बसने गेला होता. आमचं माणूस वाचलं. बाकी घरांत तसा फोन आला नाही, डझनभर माणसं गेली त्या पुलाखाली.

मला त्या दिवसापेक्षाही नंतरच्या दिवसांचं जास्त वाटतं. बस महाराष्ट्राची, म्हणजे गाडीची अवस्था, ड्रायव्हरच्या ड्यूटीचे तास हे सगळं महाराष्ट्रातल्या डेपोत विचारायचं. पूल मध्यप्रदेशात, नॅशनल हायवेवर, म्हणजे कठडा किती जुना, शेवटची तपासणी कधी झाली हे इकडे विचारायचं. हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने एकाच वेळी विचारलेत आणि दोन्हीची उत्तरं एकत्र ठेवून आम्हाला सांगितलीत असं मी तरी कुठे ऐकलं नाही. चार-पाच दिवसांत इकडचे इकडे गेले, तिकडचे तिकडे.

एका अपघातावरून बोलतेय असं वाटेल तुम्हाला, म्हणून गेल्या वर्षीचं सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्याच्या परासिया भागात लहान लहान मुलांच्या किडन्या बंद पडायला लागल्या. आधी ताप, सर्दी, मग लघवी बंद. आईबापांनी मुलांना नागपूरला हलवलं कारण तिथून मोठं हॉस्पिटल म्हणजे नागपूरच. शेवटी कळलं की कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात विष आहे, तामिळनाडूच्या सरकारी लॅबने तपासलं तर त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हे 0.1 टक्क्याच्या पुढे असायलाच नको. औषध बनलं कांचीपुरमला, दिलं गेलं छिंदवाड्यात, आणि मुलं गेली नागपूरच्या वॉर्डात. वीसच्या वर मुलं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली.

आता साहेब, छिंदवाड्याला आकाशवाणी आहे, नागपूरला आहे, चेन्नईला आहे. तिन्ही ठिकाणी बिल्डिंग सरकारी, माईक सरकारी, तिन्हीवर पैसा आमचा. परासियाच्या मेडिकल दुकानात, नागपूरच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेल्या बापाकडे आणि कांचीपुरमच्या कारखान्याच्या गेटवर एकाच वेळी पोचू शकेल अशी दुसरी कुठली संस्था आहे का या देशात? कुठल्या खासगी चॅनलकडे एवढं जाळं नाही. पण या तीन केंद्रांच्या लोकांनी एकमेकांना फोन करून "तुमच्याकडे काय दिसतंय, आमच्याकडे हे दिसतंय" असं म्हणत एक तपास सोबत करायचा, अशी पद्धतच नाही आपल्याकडे. तेवढी पद्धत तुम्ही सुरू करा, हीच माझी मागणी आहे.

हे परदेशात होतं. 2023 मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या चार देशांच्या सार्वजनिक प्रसारण संस्थांनी मिळून एक तपास केला, की ट्रान्समीटर बंद करून रशियाची जहाजं त्यांच्या समुद्रात काय करतायत, समुद्राखालच्या केबल्स आणि पवनचक्क्यांच्या आसपास का फिरतायत. देश चार, भाषा चार, तरी माहिती एकत्र केली आणि मग ज्याने त्याने आपापल्या भाषेत लोकांना दाखवली. ते देश वेगवेगळे असून करतात, आपल्याकडे तर आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारं एकच प्रसार भारती आहे. इंदूर आणि जळगावला जोडायला कुठलाही करार लागत नाही, एक ऑर्डर लागते.

इंदूरच का म्हणते मी, तर नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्य ऑफिस आमच्या विजय नगरात आहे. पाणी मध्यप्रदेशातून येतं, धरण गुजरातेत, बुडालेली गावं बडवानी-धारची आणि तिकडे नंदुरबारची. 2019 च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं तेव्हा निसरपूर, चिखल्दा अशी गावं पाण्यात गेली, आणि कोणाला मोबदला मिळाला, कोणाला नाही, याचे कागद तीन राज्यांत विखुरलेले. ते गोळा करायला इंदूर, जळगाव आणि वडोदरा या तीन केंद्रांचे तीन माणसं पुरे आहेत, फक्त त्यांना तीन महिने द्या आणि मधेच उचलून उद्घाटनाच्या कव्हरेजला पाठवू नका. आम्ही इंदूरवाले तर जलूदहून आलेलं नर्मदेचंच पाणी पितो, आम्हाला हे कळायलाच हवं.

रेडिओवर मी एवढी अडून बसलेय त्याचं कारण आहे. देशात खासगी एफएम आलं त्याच 2001 साली आमच्या इंदुरातही खासगी स्टेशन सुरू झालं, आज शहरात कितीतरी आहेत, पण त्यांना स्वतःची बातमी देता येत नाही, आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावता येतं तेवढंच. म्हणजे रेडिओवर बातमी देण्याचा हक्क या देशात एकट्या आकाशवाणीला आहे. बाकी सगळ्यांची तोंडं नियमाने बंद ठेवलीत तर मग जिला बोलायची परवानगी आहे तिच्यावर दुप्पट जबाबदारी येत नाही का? 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आमची मालमत्ता आहे तर आमच्या मुलांच्या औषधात काय होतं हे त्या लहरींवरून आम्हाला आधी कळलं पाहिजे.

तुमच्याच कायद्यात हे लिहिलंय हो. प्रसार भारती कायदा 1990, कलम 12, लोकहिताच्या सगळ्या बाबतीत मोकळेपणाने, खरी आणि निःपक्ष माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणं हे प्रसार भारतीचं काम. आणि हे काम नीट चाललंय का हे बघायला कलम 13 मध्ये 22 खासदारांची समिती आहे, 15 लोकसभेचे 7 राज्यसभेचे. कलम 14 मध्ये प्रसारण परिषद आहे, श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी. कायदा लागू झाला 1997 मध्ये. ही दोन्ही कलमं कागदावरच राहिली. याला कुठल्या एका पक्षाचं सरकार जबाबदार नाही, सगळ्यांनीच राहू दिलंय, कायद्याच्याही आधी, 1978 मध्ये वर्गीज समितीचा रिपोर्ट आला, 2014 मध्ये पित्रोदा समितीचा आला, सगळे हेच सांगत आले की सरकारी प्रसारणाला खरी स्वायत्तता द्या. मी ज्या तक्रारीचं पत्र तुम्हाला लिहितेय ते खरं तर त्या परिषदेला लिहायला हवं होतं. ती नाही म्हणून तुम्हाला लिहावं लागतंय.

पैशांचं म्हणाल तर 2023 च्या जानेवारीत कॅबिनेटने प्रसार भारतीसाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर केली, ट्रान्समीटर, स्टुडिओ, उपकरणं यासाठी. चांगलं केलं, मशीन लागतातच. पण मशीनमागे माणूस लागतो ना. जिल्ह्याजिल्ह्यात आकाशवाणीचा जो अंशकालीन वार्ताहर असतो, तो पोटासाठी दुसरं काहीतरी करून मग बातमी पाठवतो. त्याने चोरट्या वाळूच्या ट्रकमागे जावं अशी अपेक्षा ठेवायची तर त्याच्या मागे कोणीतरी उभं पाहिजे. 2015 मध्ये बालाघाटचे पत्रकार संदीप कोठारी यांना कटंगीहून उचललं आणि त्यांचा जळालेला मृतदेह सापडला महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यात. मारणाऱ्यांना राज्याची हद्द अडवत नाही. 2023 मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिसे यांना बातमी छापून आल्याच्या दिवशीच गाडीखाली चिरडलं. महाराष्ट्रात पत्रकार संरक्षणाचा 2017 चा कायदा आहे, छत्तीसगडच्या विधानसभेनेही 2023 मध्ये मंजूर केला, तसा आमच्या राज्यातही हवा, पण तो राज्याचा विषय आहे म्हणून तुम्ही थांबू नका. तुमच्या स्वतःच्या वार्ताहरांना निदान वर्षभराचा करार, विमा आणि कोर्टात उभं राहणारा वकील, एवढं तर दिल्लीहून देता येईल.

आणि हे आमच्या मातीत नवीन नाही. मराठी घरातल्या माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्राहून हिंदीत छत्तीसगढ मित्र काढलं, पुढे नागपूरहून हिंदी केसरी चालवला आणि त्यापायी तुरुंगात गेले. इंदुरात राहुल बारपुते, आमचे मराठी बाबा, नई दुनियाचे संपादक होते आणि त्यांच्या हाताखाली हिंदी पत्रकारितेची एक अख्खी पिढी तयार झाली. इंदूरच्या मालवा हाउसवरून 1955 पासून आकाशवाणी चालतेय, तिच्या शेतीच्या कार्यक्रमात नंदाजी-भेराजी माळवीत बोलायचे तेव्हा गावागावात लोक काम टाकून ऐकायचे, कारण ते आपल्या बोलीत आपल्या शेतीचं बोलतात यावर भरोसा होता. तो भरोसा अजून पुसला गेलेला नाही. 2023 च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचं ठरलं तेव्हा लोक केवढे चिडले ते आठवत असेल, तुमच्याच मंत्रालयाला तो निर्णय थांबवावा लागला. सकाळच्या बातम्यांसाठी लोक भांडले साहेब.

तेव्हा मी मराठी गाण्यांचा अर्धा तास मागायला लिहिलेलं नाही. इंदूर, जळगाव, नागपूर, छिंदवाडा आणि वडोदरा या पाच केंद्रांचा एक जॉइंट डेस्क करा, हिंदी, मराठी, गुजराती येणारी पाच-सात माणसं तिथे पूर्णवेळ ठेवा, कुठला विषय घ्यायचा हे त्यांचा संपादक ठरवेल, त्याला मंत्रालयातून फोन जाणार नाही असं लेखी द्या, आणि महिन्यातून एक तपास तिन्ही भाषांत एकाच दिवशी लावा. वर्षभर करून बघा. आणि कलम 13 ची समिती कधी बसवणार त्याची तारीख सांगा.

पहिला विषय मी सुचवते. खलघाटचा पूल. कठड्याचे कागद धार जिल्ह्यात मिळतील, गाडीचे जळगावात. राखीला मामी अमळनेरला जाणार आहे, त्याच पुलावरून, आणि दर वेळेसारखं पूल येईपर्यंत ती डोळे मिटून बसेल.

उत्तर हिंदीत दिलंत तरी चालेल, मी घरच्यांना वाचून दाखवेन.

आपली,
सुदामा नगर, इंदूरची एक श्रोता