दाराला कणीक लावा, मग सबवूफर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत गाडीच्या म्युझिक सिस्टिमवर लेख आला होता, कंपनीच्या सिस्टिमला बेस, म्हणजे खालच्या सुरांचा घुमारा, नसतो तर काय करावं, असा. मराठीत कुणीतरी या विषयावर लिहितंय हे बघून बरं वाटलं, पण लेखकाने सरळ डिकीतल्या बारा इंची सबवूफरवर (नुसता बेस काढणारा मोठा स्पीकर) उडी मारलीय आणि त्याच्या आधी जे करायचं असतं त्यावर एक ओळ नाही. मी नेमकी तीच उडी मारून तोंडावर पडलोय म्हणून लिहितो. पत्र लांबलंय, काटछाट करा हवी तर, फक्त दाराचा भाग तेवढा ठेवा.

मी काही ऑडिओवाला नाही. चिंचवडला राहतो, चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, रोज मोशी-कुरुळीवरून जायचं आणि यायचं, आणि त्या रस्त्याला जे जातात त्यांना माहितीय की तिथे गाडी चालवायची नसते, गाडीत नुसतं बसायचं असतं. म्हणजे माझं रोजचं ऐकणं सगळं गाडीतच. आणि शनिवारी आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, पंचवीस वर्षं होत आली. हे मिरवायला सांगत नाही, पुढे त्याचा संबंध येणार आहे. पखवाजावर 'धा' म्हणजे दोन्ही हात एकदम. डावा हात ऐकूच आला नाही तर राहतो नुसता 'ता'. मी नवी गाडी घेतली, टचस्क्रीन आहे, चार स्पीकर आहेत, हौसेने पहिल्या दिवशी आमच्याच मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं आणि बघतो तर सगळ्या 'धा'चा 'ता' झालेला. टाळ खणखणीत, गायकाचा आवाज खणखणीत, आणि माझा डावा हात गायब. बायको म्हणाली, तुम्ही वाजवतच नसाल.

मग झालं असं की मी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो, नाव लिहीत नाही, आणि तो म्हणाला साहेब डिकीत बॉक्स टाका, बेस छातीत बसेल. टाकला. दरवाजाचे पुढचे दोन स्पीकरही त्याने बदलून दिले, पॅकेजमध्ये. बेस आला, नाही म्हणत नाही, पण तो सगळीकडे एकच बेस, पखवाज वाजो नाहीतर ढोलकी वाजो, मागून आपलं भुम्म भुम्म, शिवाय मागची पार्सल ट्रे थडथडायला लागली, आणि डिकी निम्मी गेली. गावाकडून येताना तांदळाचं पोतं मागच्या सीटवर आईशेजारी बसून आलं. चार महिन्यांनी टचस्क्रीन आपोआप बंद-चालू व्हायला लागला. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी स्टिरिओ बाहेर ओढला तर मागचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. बाहेरचं काम झालंय, वॉरंटीत बसत नाही, संपलं. यात त्यांची चूक नाही, माझीच आहे, मी काम चालू असताना समोर चहा पीत बसलो होतो आणि कपलर कापताना बघितलंही होतं.

मंडळातल्या एका टाळकऱ्याचा भाचा हेच काम करतो, कार ऑडिओचं. त्याला बोलावलं. मला वाटलं आता हा पण काहीतरी विकणार. त्याने पहिला अर्धा तास एकही वस्तू बाहेर काढली नाही, नुसतं गाणं लावून बॅलन्स डावीकडे नेला, उजवीकडे नेला, मध्ये आणला, आणि मला विचारलं, काका, बेस कधी जास्त वाटतोय? मी म्हणलं विचित्रच आहे, एका बाजूला नेल्यावर जास्त वाटतोय आणि मध्ये आणल्यावर पातळ होतोय. तो म्हणाला मग एक स्पीकर उलटा लागलाय. म्हणजे प्लस-मायनस उलटं. डावा स्पीकर हवा पुढे ढकलतोय त्याच वेळी उजवा मागे ओढतोय, दोघं एकमेकांचं काम पुसून टाकतात, आणि हे सगळ्यात जास्त बेसमध्येच जाणवतं. दार उघडून वायर काढली आणि पेन्सिल सेलने तपासलं, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की स्पीकरचा कागद (हलणारा कोन) टचकन बाहेर यायला हवा, आत गेला तर खुणा उलट्या आहेत. (हे करताना स्पीकर स्टिरिओपासून सोडवलेला पाहिजे, आणि वरचे सूर काढणाऱ्या बारक्या ट्वीटरवर हा प्रयोग करायचा नाही.) दुकानदाराने स्पीकर बदलताना उजवीकडची वायर उलटी जोडली होती. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य, आणि माझा डावा हात निम्मा परत आला. ही एवढी बॅलन्सची टेस्ट तरी आपल्या पुढच्या पुरवणीत छापा हो, ज्यांनी ज्यांनी बाहेरून स्पीकर बसवून घेतलेत त्यांच्यासाठी.

आता दार. दाराचं आतलं प्लास्टिकचं कव्हर काढताना क्लिपा टक् टक् सुटतात तेव्हा जीव खाली-वर होतो पण सुटतात. आत काय होतं सांगतो. मला वाटायचं दार म्हणजे भरीव काहीतरी असेल. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठमोठी भोकं, काचेची मोटर बसवायला ठेवलेली, आणि त्या भोकांवर कसला तरी पातळ प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट दोरीने चिकटवलेला, तो पण एका कोपऱ्यात सुटलेला. त्याच्यामागे बाहेरचा पत्रा. त्या पोराने बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली, तर टण्ण करून वाजला, रिकाम्या डब्यासारखा. म्हणाला, हा तुमचा सबवूफरचा बॉक्स, काका. याच्यात कितीही भारी स्पीकर लावा.

गंमत अशी आहे की स्पीकरचा कागद जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागे फेकतो, पण उलटा. पुढे दाब तर मागे पोकळी. बारीक आवाजाला त्याने फारसं बिघडत नाही पण बेसच्या लाटा मोठ्या असतात, ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब, आणि माझी अख्खी गाडी चार मीटरच्या आतली. एवढ्या मोठ्या लाटेला हातभर भोकातून वळून पुढे यायला काय लागतंय. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. म्हणजे स्पीकर बेस काढत होता हो, दार तो परत गिळत होतं.

आणि इथे मला आमची कणीक आठवली. पखवाजाच्या डाव्या पुडीला आपण भिजवलेली कणीक थापतो ना, नुसती पुडी वाजवली तर ती वरच्या आवाजात टणटणते, कणकेचं वजन पडलं की आवाज खाली उतरतो आणि तो घुमारा येतो, फालतू झणझण जाते. दाराच्या पत्र्याला नेमकं तेच करतात. ब्युटाइल रबराच्या शीट मिळतात, एका बाजूला ॲल्युमिनियमचा कागद, दुसऱ्या बाजूला चिकट, दोन मिलिमीटर जाडीच्या, त्या पत्रा पुसून स्वच्छ करून चिकटवायच्या आणि रोलरने दाबायच्या, हवा राहता कामा नये. (घरातलं लाटणं मागितलं होतं, मिळालं नाही.) बाहेरचा पत्रा सगळा झाकायला लागत नाही, मधला मोकळा भाग पाव-एक तृतीयांश झाकला तरी टणटण जाते. खरं काम आतल्या पत्र्याचं, ती मोठी भोकं बंद करायची. स्पीकर आणि पत्र्यामध्ये फोमची गोल पट्टी, म्हणजे कडेने गळती नको. संपल्यावर त्याने परत टिचकी मारली, ठक्. तांदळाच्या पोत्यावर मारल्यासारखी.

दोन-तीन गोष्टी त्याने बजावून सांगितल्या त्या लिहितो कारण लोक त्यातच फसतात. दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, काचेवरून पावसाचं पाणी आत उतरतं ते तिथून बाहेर पडतं, ती चुकूनही बुजवायची नाहीत, नाहीतर दार सडलंच म्हणून समजा. स्वस्त पडते म्हणून गच्चीला लावायची डांबराची शीट लावायची नाही, एप्रिल-मेच्या उन्हात ती पाघळते आणि गाडीत रस्ता बनवतायत असा वास येतो. काच पूर्ण खाली घेऊन बघायची, शीटला घासायला नको. आणि तोटाही सांगतो, उद्या काचेची मोटर बिघडली तर मेकॅनिक ती शीट सोलताना तुमच्या नावाने बोटं मोडणार.

यानंतर तोच स्पीकर, तोच कंपनीचा स्टिरिओ, आणि 'धा' ऐकू आला. पूर्ण नाही, पण आला. दार बंद करतानाचा आवाजसुद्धा बदलला, बायकोला तेवढंच आवडलं.

आता त्या ५० वॉटबद्दल, कारण आपल्या लेखात 'चार गुणिले ५० वॉट' असं छातीठोक लिहिलंय. साधा हिशोब करा. गाडी चालू असताना सिस्टिमला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर चार ओहमचा. १४.४ चा वर्ग करून चारने भागा, ५१.८ येतात. हाच तो ५०. पण हा आकडा येतो तेव्हा आवाजाची गोल लाट वरून-खालून छाटून पार चौकोनी झालेली असते, ऐकायला नुसती फाटकी खरखर. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मेच मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त २६, आणि प्रत्यक्षात अजून कमी. त्यात आपण काय करतो तर बेसची पट्टी टोकाला नेतो. १० डेसिबलने बेस वाढवला की तेवढ्या भागाला दहापट पॉवर लागते, ती आणायची कुठून? म्हणून आवाज मोठा केला की फाटतो, आणि आपण म्हणतो स्पीकर गेला. मी आता बेस फक्त दोन घर वर ठेवतो आणि मोबाईलमधला वेगळा इक्वलायझर बंद केलाय, दोन्हीकडून तिखट घातल्यावर भाजी काय खाणार.

हळू आवाजात बेस कमी वाटतो तो मात्र गाडीचा दोष नाही, आपल्या कानाचा आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं होतं की आवाज लहान झाला की कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. स्टिरिओवर 'लाऊडनेस' लिहिलेलं बटण असतं ते याच्याचसाठी, हळू ऐकताना चालू, मोठ्याने ऐकताना बंद. आणि गाडी पळायला लागली की टायरचा जो घूं आवाज येतो तो पण खालच्याच सुरातला, तो बेसवर बसतो. उभ्या गाडीत शोरूमवाला ऐकवतो तेव्हा सगळं छान का वाटतं ते कळलं असेल.

मग सबवूफर घ्यायचाच नाही का? घ्या ना, मी पण घेतलाय, शेवटी. सीटखाली बसतो तो चपटा आठ इंची, ॲम्प्लिफायर त्याच्यातच असतो. डिकी मोकळी. डिकीतला बॉक्स निम्म्या किमतीत गेला तो विषय सोडा. नवीनला स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल देता येतो, स्टिरिओ बदलायला लागत नाही, आणि त्या गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो तो मध्ये घालायचा, एकही वायर कापायची नाही. बॅटरीकडून येणाऱ्या वायरला फ्यूज पाहिजेच आणि तो बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत, सबवूफरजवळ नाही. मध्ये कुठे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर त्या फ्यूजनेच गाडी वाचते. वायर तांब्याची घ्या, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असली बरीच विकतात, टोक खरवडलं की पांढरं दिसतं. अर्थिंग रंगावर नाही, रंग खरवडून पत्र्यावर. आणि सीटखाली पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे.

बसवल्यावर सगळे गेनचं बटण फुल करतात, तो व्हॉल्यूम नसतो हो, येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प्लिफायर जुळवायचं बटण असतं ते. आम्ही उलटं केलं, सबवूफर बंद ठेवून पखवाज लावला, मग हळूहळू वाढवत नेला आणि जिथे वाटलं की आवाज सीटखालून येतोय तिथून थोडा मागे घेतला. सबवूफरची वरची मर्यादा ८० हर्ट्झच्या आसपास, त्याच्या वरचं दारांनी बघायचं. बेस पुढून, गायकाच्या शेजारून यायला हवा, पखवाजवाला तिथेच बसलेला असतो.

हे वाचून कुणी म्हणेल की आधीच रस्त्यावर त्या भुम्म भुम्म गाड्यांनी वैताग आणलाय आणि हा बाबा बेस वाढवायला शिकवतोय. मला पण त्यांचा वैताग येतो, सिग्नलला शेजारी उभी राहिली की आपल्या काचा थरथरतात. पण त्या बाहेर जाणाऱ्या आवाजाचं एक कारण तेच टणटणणारं दार आणि पत्रा आहे. माझी गाडी आता पूर्वीपेक्षा हळू आवाजात वाजते आणि काच वर असली तर बाहेर उभ्या माणसाला कळत पण नाही, सोसायटीच्या वॉचमनला उभं करून बघितलंय.

आता फक्त मागची नंबर प्लेट वाजते, एका विशिष्ट 'धा'ला. तिला रबरी वॉशर लावायचेत, ते या रविवारी.

आपला,
एक पखवाजवाला वाचक, चिंचवड