पिठाच्या डब्यातली बिलं

इस्राएल आळी, अलिबाग
गुरुवार रात्र

प्रिय बाळा,
शालोम.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. इस्राएलमधल्या त्या हिब्रूच्या वर्गाची, उल्पानची, परीक्षा पुन्हा राहिली, घरमालकाने भाडं वाढवलं, आणि कामावर त्या आजीबाईंनी गरम सूप तुझ्या अंगावर सांडलं. वर दम दिलास, "आई, पॉझिटिव्ह राहा म्हणून सांगू नकोस." नाही सांगत. सदा हसतमुख राहा असा हुकूम आपल्या ज्यू धर्मात मला तरी सापडलेला नाही. तेहिलीम, आपली स्तोत्रं, काढून बघ, त्यात माणूस देवाला सरळ विचारतो, किती दिवस मला विसरणार आहेस?

तू सहावीत असताना पपांची कंपनी बंद पडली, ते वर्ष आठवतं? शुक्रवारी दुपारी, शब्बाथ म्हणजे आपला विसाव्याचा दिवस लागायच्या आत, मी विजेचं बिल, तुझ्या फीची पावती, बँकेची नोटीस असं सगळं गोळा करून तांदळाच्या पिठाच्या डब्यात टाकायची. झाकण घट्ट लावायची. मग मनुकांचं शरबत गाळायचं, खोबरेल तेलाचा दिवा लावायचा, आणि त्या कागदांचं नाव काढायचं नाही. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथला निरोप द्यायचा हबदाला झाला, पपांनी तुझ्या नाकाशी लवंगा धरल्या, की डबा उघडायचा. बिलं पिठाने पांढरी व्हायची. आकडे मात्र तेवढेच! एकदा मला राहवलं नाही, शब्बाथच्या दिवशीच झाकण उघडलं. पपांनी पाहिलं, बोलले काही नाहीत, नुसते हसले. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला होता.

हे खूळ माझं असलं तरी त्यामागचं शहाणपण जुनं आहे. आठवड्याच्या इतर दिवशी आपण अमिदाची प्रार्थना म्हणतो त्यात 19 आशीर्वाद असतात. मधले 13 मागण्यांचे: बरं कर, पोटापाण्याचं बघ, चूक पदरात घे. शब्बाथला त्या मागण्या गळतात आणि सातच आशीर्वाद उरतात. आजोबा म्हणायचे, देवाच्या दारातली रांगसुद्धा एक दिवस बंद. आजोबा गेले तेव्हा शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या, सात दिवसांतही शब्बाथ आला. फाटका सदरा उतरवून पपा धुतलेला घालून सिनेगॉगला गेले, आणि शनिवारी रात्री परत जमिनीवर येऊन बसले. दुःख काही कमी झालं नव्हतं. पण सहा दिवस त्याचे होते, एक त्याचा नव्हता.

नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आपण सांगत आलो. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे हिब्रूही विसरलो, शेमाची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचा हे राहिलं. म्हणून गाव आपल्याला शनिवार तेली म्हणू लागलं. गिऱ्हाईक दारातून परत जाताना बघून त्या पूर्वजांच्याही पोटात कालवलं असणारच.

तुझी ड्युटी शनिवारी लागते, माहीत आहे. आजाऱ्याची सेवा शब्बाथच्या आड येत नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. आणि हो, संडासातून आल्यावर म्हणायचा तो आशीर्वाद, आशेर यात्झार! लहानपणी तू त्यावर खोखो हसायचीस, शरीरातली उघडायची भोकं उघडली आणि मिटायची मिटली म्हणून देवाचे आभार कसले मानायचे? आता रोज म्हाताऱ्या माणसांचे कॅथेटर आणि डायपर बघतेस. मला वाटतं, त्या इमारतीत ती बेराखा, तो आशीर्वाद, तुझ्याइतकी कुणालाच कळत नसेल.

परीक्षेचं म्हणशील तर तिसऱ्यांदा बस. घरमालकाशी भांडायला तिथल्या मावशीला सोबत ने, तिचं हिब्रू धारदार आहे.

मी दिलेला स्टीलचा डबा अजून आहे ना? की त्यात बिस्किटं भरलीस?

मनुका आत्ताच भिजत घातल्या. उद्या इथे दिवा लागेल तेव्हा अश्दोदला अजून ऊन असेल, तुमचं घड्याळ सध्या अडीच तास मागे. मी फोन बंद करायच्या आत फोन कर. सुपापासून सुरुवात कर, काही गाळू नकोस.

तुझी,
आई