सूचना : सुट्टीत वाचायच्या साहस कादंबरीची निवड

सर्व पालक सभासदांना नमस्कार. ९ ते १२ वयोगटासाठी मोठ्याने वाचायची कादंबरी शनिवारपर्यंत ठरवायची आहे. सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आणा किंवा विकत घ्या, पण चाळल्याशिवाय नाव सुचवू नका.

मुखपृष्ठावर जाऊ नका. मधलंच एक पान मुलाकडून वाचून घ्या. पाचाहून जास्त शब्दांना अडखळलं, तर एकट्याने वाचायला जड. आपण वाचून दाखवणार असू तर चालेल. पहिल्या १५ पानांत कुणी हरवलं नाही की काही सापडलं नाही, तर सरळ ठेवून द्या. संकटातून वाट मुलांनीच काढायला हवी. शेवटी इन्स्पेक्टरसाहेब येऊन सगळं सोडवतात, तिथे मुलं हमखास नाराज होतात (आणि त्यांचं बरोबरच असतं).

अनुवाद असेल तर एक संवाद मोठ्याने म्हणून बघा. जीभ अडली की पुस्तक परत. 'संक्षिप्त' आवृत्ती नको. कापाकापीत आधी पेरलेले धागेदोरेच जातात आणि शेवट कुठून आला ते कळत नाही.

पानाला दोन मिनिटं धरली, तर १० पानांचं प्रकरण २० मिनिटांत होतं. त्याहून लांब असेल, तर थांबायची जागा पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवा : भुयाराचं दार उघडण्याच्या अलीकडे, पलीकडे नाही.

नाव, पृष्ठसंख्या आणि किती प्रती मिळतील ते ग्रुपवर कळवा.