दहा कौशल्यांच्या यादीत न मावणारं करिअर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत ‘यंदा सर्वाधिक मागणी असलेली दहा कौशल्ये’ अशा धर्तीचा लेख येतो. यंदाही आला. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने तो कापून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला आणि मला विचारलं, ‘मावशी, यातलं कुठलं घेतलं म्हणजे पुढची चिंता मिटेल?’ मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये पंचविसेक वर्षं काढली आहेत आणि अजून स्वतः कोड लिहिते. म्हणून हे पत्र.

आमचं शिक्षण संपत आलं तेव्हा जंगली महाराज रस्त्यावर आणि डेक्कनला कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या असायच्या. व्हिज्युअल बेसिक, डेव्हलपर २०००, ई-कॉमर्स. त्या पाट्या म्हणजे त्या काळच्या ‘दहा कौशल्यां’च्या याद्याच. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये कोड लिहायच्या जुन्या साधनाचा सपोर्ट बंद केला. ब्राउझरमध्ये चालणारं फ्लॅश २०२० च्या शेवटी गेलं, त्याच जातीचं सिल्व्हरलाइट २०२१ मध्ये. वेबसाइट बांधायच्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, तर मधली काही वर्षं नोकऱ्यांचा पाऊस पडत होता, त्याचाही अधिकृत सपोर्ट २०२१ च्या डिसेंबरात थांबला. उलट एडगर कॉड या संशोधकाने १९७० मध्ये मांडलेल्या, माहिती तक्त्यांत ठेवायच्या रिलेशनल मॉडेलवर उभी राहिलेली एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा मी आज सकाळीसुद्धा लिहिली. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ ची आहे आणि आमचे सर्व्हर तिच्याच वंशातल्या लिनक्सवर चालतात. हे कुठल्याही यादीत पहिल्या क्रमांकावर नसतं, कारण त्यात बातमी नाही.

पण माझा मुद्दा तंत्रज्ञानाच्या निवडीचा नाहीच. भाषा आणि फ्रेमवर्क शिकता येतात, सगळेच शिकतात. आपल्याकडे करिअरचा आराखडा ज्या ठिकाणी संपतो, तिथे खरी गोची आहे. फ्रेशर, मग सीनियर, मग टीम लीड आणि दहा-बारा वर्षांत मॅनेजर. त्यानंतर पुढे काय, हे कोणी विचारत नाही. घरच्यांनाही ‘मुलगा मॅनेजर झाला’ एवढं पुरतं. वाकडच्या फ्लॅटचं कर्ज मात्र वीस-पंचवीस वर्षांचं असतं.

यात पोरांचा दोष नाही. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांचं गणितच तसं आहे. क्लायंटला माणशी दराने बिल लागतं, त्यामुळे खाली स्वस्तात मिळणारी नवी मुलं भरपूर आणि वर मोजकी माणसं, असा पिरॅमिड ठेवला की नफा राहतो. फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकला आहे तो त्यामुळेच. पंधरा वर्षांच्या अनुभवाचा माणूस नुसता कोड लिहीत बसला तर तो त्या दरात बसत नाही. मग त्याच्या हाताखाली माणसं देतात, त्याचा कोड सुटतो आणि एक्सेल, कामाची प्रगती सांगायचे स्टेटस कॉल, वरपर्यंत गेलेल्या तक्रारी म्हणजे एस्केलेशन मागे लागतात. अप्रेझलमध्ये याला बढती म्हणतात. चार-पाच वर्षांत कोडवरचा हात असा जातो की डेटाबेसमधून माहिती काढायची साधी क्वेरी लिहायलाही ज्युनिअरला हाक मारावी लागते.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त, हेही कंपनीनेच सांगितलं होतं. त्यानंतर आमच्याकडे मुलाखतीला जे लोक आले, त्यांत पंचेचाळिशीतले एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. बायोडेटाची पहिलीच ओळ होती, साठ जणांची टीम सांभाळली. मी विचारलं, ‘शेवटचा प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहकाच्या चालू सिस्टीमवरचा, मोठा घोळ झाला तो नेमका काय होता?’ ते म्हणाले, ‘टीमने आरसीए काढला होता, मी क्लायंटला पाठवला.’ आरसीए म्हणजे मूळ कारणाचा अहवाल. त्यात काय लिहिलं होतं, हे त्यांना आठवेना. माणूस हुशार होता, बोलण्यात सभ्य, वीसेक वर्षं प्रामाणिकपणे राबलेला. त्याला कोणत्या पदावर घ्यायचं, हे आमच्यातल्या कोणालाच सांगता आलं नाही.

आता एआयचं. ‘कोड लिहिणाऱ्यांचं काय होणार’ ही चर्चा चॅटजीपीटी आल्यापासून, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरपासून, ऐकते आहे. मी स्वतः ही साधनं रोज वापरते आणि ती चांगली आहेत. माझं काम शेअर बाजाराच्या सेटलमेंटचं. आज सौदा झाला की पैसे आणि शेअर एका कामकाजाच्या दिवसाने हातबदल होतात, त्याला टी प्लस वन म्हणतात. आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने एआयच्या मदतीने सेटलमेंटची तारीख काढणारा कोड एका दुपारीत लिहिला. शनिवार-रविवार बरोबर, बाजाराच्या सुट्ट्या बरोबर, सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. मी म्हटलं, एक एप्रिल टाकून बघ. एक एप्रिलला बँकांचे वार्षिक हिशेब असतात, त्यामुळे बाजार चालू असला तरी सेटलमेंट होत नाही. एकतीस मार्चचा सौदा आणि एक एप्रिलचा सौदा, दोन्ही दोन तारखेला येतात. एकतीसला घेतलेले शेअर एक तारखेला खात्यात दिसत नाहीत आणि फोन सुरू होतात. पोराने सुट्ट्यांची एकच यादी धरली होती, इथे दोन लागतात, बाजाराची वेगळी आणि बँकांची वेगळी. त्याने ते अर्ध्या तासात दुरुस्तही केलं. पण ‘एक एप्रिल टाकून बघ’ हे सांगायला कोणीतरी लागतं, आणि ते माणूस स्टेटस कॉलमध्ये बसून तयार होत नाही. मीटिंगचे मिनिट्स, आठवड्याचा रिपोर्ट, प्लॅनची स्लाइड ही मॅनेजरची कामं मात्र एआय आत्ताच विनातक्रार करतं. धोका कोणाला जास्त आहे, याचा विचार या बाजूनेही व्हावा.

दूरचं नियोजन म्हणजे माझ्या लेखी हे: कोणता तरी एक धंदा आतून बाहेरून शिकून घेणं, आणि कोडवरचा हात जाऊ न देणं. धंदा कुठलाही चालेल. विमा, बँकिंग, साखर कारखान्यांचे हिशेब, हॉस्पिटलं, जीएसटी. आपल्या बाजाराची सेटलमेंट २००२ मध्ये टी प्लस थ्री, म्हणजे तीन दिवसांवर झाली, २००३ मध्ये टी प्लस टू, आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर टी प्लस वनवर आले. दर वेळी सॉफ्टवेअर बदललं आणि दर वेळी जुनं का तसं होतं हे सांगू शकणारी माणसं शोधली गेली. मुलीच्या जन्मानंतर मी काही काळ घरी होते. परत आले तेव्हा स्ट्रट्स हे फ्रेमवर्क जाऊन स्प्रिंग आलं होतं, अर्ध्या सहकाऱ्यांची नावंही माहीत नव्हती. टी प्लस टू मात्र होतं तिथेच होतं, म्हणून पुन्हा उभी राहू शकले. ब्रेक घेणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. कोबोल या जुन्या भाषेत कोड लिहिणाऱ्यांना आमच्याकडे हसायचे, पण २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरला बेरोजगार भत्त्याची यंत्रणा चालवण्यासाठी कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीरपणे म्हणावं लागलं. त्यावरून कोणी आज कोबोल शिकायला धावावं असं मी म्हणणार नाही. पण त्या यंत्रणेच्या पोटात काय आहे हे माहीत असणाऱ्याला तेव्हा वय कोणी विचारलं नसावं.

पैशाचीही एक गोष्ट यातच येते, ती कोणत्याच करिअर-लेखात दिसत नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. पंचेचाळिशीत नोकरी गेली तर आईवडील सत्तरीत असतात, आणि त्यांच्यासाठी नवी पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यांची वेगळी पॉलिसी तिशीतच काढावी. फ्लॅटच्या मॉड्युलर किचनआधी.

कंपन्यांकडेही बोट दाखवायला हवं. कागदावर बहुतेकांकडे ‘टेक्निकल ट्रॅक’ असतो, आर्किटेक्ट वगैरे पदनामं असतात. प्रत्यक्षात त्या वाटेवर वरच्या पायऱ्यांना जागा किती, हे कोणी सांगत नाही. म्हणून एक विनंती. पुढच्या वर्षी दहा कौशल्यांची यादी छापण्याऐवजी हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांच्या एचआर प्रमुखांना आपल्या वार्ताहरांनी एवढंच विचारावं: तुमच्याकडे पंचेचाळीस वर्षांवरची किती माणसं स्वतः कोड लिहितात, आणि त्यांचा ग्रेड त्याच वयाच्या मॅनेजरच्या बरोबरीचा आहे का? उत्तरं कंपनीच्या नावासकट छापावीत. जे उत्तर देणार नाहीत, त्यांचीही नावं छापावीत. कॅम्पस इंटरव्ह्यूला जाणाऱ्या मुलांना ती यादी जास्त उपयोगी पडेल.

आपली,
वि. म.
पिंपळे सौदागर, पुणे