नक्षत्रन्यासाविषयी सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. दीक्षेनंतर षोढान्यास, म्हणजे मंत्र म्हणत अवयवांना स्पर्श करून देवता देहात ठेवण्याचा सहा प्रकारचा विधी, नियमाने चालू आहे, पण त्यातला नक्षत्रन्यास नुसता पाठ म्हटल्यासारखा कोरडा होतो, असे तू लिहिले आहेस. गणेश, ग्रह, नक्षत्र, योगिनी, राशी आणि पीठ या सहा न्यासांपैकी ज्यांच्या देवता कोणालाही डोळ्यांनी पाहता येतात त्यांतला हा एक, आणि नेमक्या त्याच आपण न पाहता उरकतो. मंत्रांबद्दल तुझे गुरू सांगतील तेच प्रमाण. मी फक्त आकाशाबद्दल लिहितो.

डाव्या डोळ्याला बोट लावून तू कृत्तिकांना नमस्कार करतोस. तो ताऱ्यांचा झुबका आपल्यापासून सुमारे 440 प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे एकनाथमहाराज पैठणला हयात असताना निघालेला प्रकाश वाटेत कुठेही न अडता येतो आणि ज्या डोळ्यावर तू बोट ठेवतोस त्याच्याच पडद्यावर विसावतो. न्यास म्हणजे देवतेला देहात ठेवणे, हे आपण पोथीत वाचतो. इथे ती खरोखरच देहात उतरते. रोहिणीचा प्रकाश सुमारे 65 वर्षांचा, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास निघालेला, तर स्वातीचा अवघा 37 वर्षांचा. पाठात एका ओळीत बसलेली ही नावे प्रत्यक्षात इतक्या निरनिराळ्या खोलीवर आहेत, हे कळल्यापासून मला ती भराभर म्हणता येत नाहीत.

तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांची सात नावे आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयन्ती, मेघयन्ती, वर्षयन्ती आणि चुपुणीका. त्यांतल्या तीन तर ढग आणि पाऊस आणणाऱ्या. साध्या डोळ्यांना बहुधा सहाच दिसतात. (सातवीवरून वाद घालणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस.) ओळखायला मृगाच्या कमरेचे तीन तारे धर, ती रेघ एकीकडे व्याधाकडे जाते आणि दुसरीकडे तांबूस रोहिणीजवळून कृत्तिकांकडे. झुबक्यावर नजर रोखलीस तर तो पुसट होतो, किंचित बाजूला पाहिलेस की तारे सुटे होतात, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टीच्या मध्यभागी नसून कडेला असतात. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास दे आणि तेवढा वेळ मोबाइल बंद ठेव.

कार्तिकी पौर्णिमेला मात्र जाऊ नकोस. चंद्र त्यांच्याच शेजारी असतो आणि त्याच्या उजेडात त्या हरवतात. त्यानंतरच्या अमावास्येला भंडारदऱ्याला ये, रात्री नऊपर्यंत त्या पूर्वेला पुरेशा वर आलेल्या असतात. आसन, पंचपात्री आणि जाड कांबळे तू आण. लाल कागद लावलेली बॅटरी माझ्याकडे आहे. वहिनींनाही विचार, आणि येणार असलात तर आठवडाभर आधी कळव, म्हणजे राहायची सोय करता येईल.

तुझा,
श्रीकांत